जांभूळमाळची गाडी

फार जुनी गोष्ट आहे ही, मुलांनो आणि मोठ्यांनो. आगगाडीचं लोकांना नवल वाटायचं तेव्हाची. एका डोंगराळ राज्यात राजाने छोटीशी आगगाडी सुरू केली होती. ती राजधानीतून निघायची आणि घाट चढून जांभूळमाळ या शेवटच्या गावी पोचायची.

त्या गावात तान्हाई नावाची विधवा बांबूच्या टोपल्या विणायची. तिची एकुलती एक लेक गोजरा राजधानीत दिली होती. दर बाजाराला तान्हाई गाडीने जायची, टोपल्या विकायची, लेकीच्या हातची भाकरी खायची आणि संध्याकाळी परतायची.

एके वर्षी नवा दिवाण आला. माणूस वाईट नव्हता. तो राजाला म्हणाला, "महाराज, तिकिटांतून जेमतेम कोळसा सुटतो. बाकी सगळं खजिन्यातून जातं. ही गाडी आपल्याला परवडत नाही."

राजाला पटलं. गाडी बंद झाली.

काही महिन्यांनी निरोप आला, गोजराला दिवस गेलेत. तान्हाई पायीच निघाली. वाट तीन दिवसांची, रानातली. दुसऱ्याच दिवशी उतारावर तिचा गुडघा दुखावला. लाकूडतोड्यांनी तिला डोलीत घालून घरी आणलं. नात झाल्याचं तिला कळलं ते एका मेंढपाळाकडून, तेही दोन महिन्यांनी.

"कुणासारखी दिसते रे?" तिने विचारलं.

"मी कुठं पाहिली, मावशी? ऐकलं ते सांगितलं."

मग टोपल्या विणता विणता तान्हाई रोज तो चेहरा मनाशी जुळवायची. कधी नाक गोजराचं असायचं, कधी डोळे आपल्या धन्याचे.

चार वर्षं गेली. इकडे राजधानीचा बाजार ओस पडत चालला. डोंगरातला मध आणि हिरडा येईना, मीठ आणि कापड न्यायला डोंगरची माणसं येईनात. दुकानं मिटली, बाजाराचा कर आटला. कारण कळेना, तेव्हा राजा घोड्यावर बसून स्वतःच जांभूळमाळला गेला.

तान्हाई काठी टेकत पुढे आली. तिने मागितलं काहीच नाही. एवढंच विचारलं, "महाराज, कापडबाजाराच्या मागं माझी लेक राहते. दिसली का हो कुठं?"

राजाची मान खाली गेली. "आजी, गाडी तोट्यात होती," तो हळूच म्हणाला.

"असेल. पण नदीवरचा पूल तरी कुठं पैसे मिळवतो? पुरात मोडला की बांधताच ना तुम्ही? त्याच्यावरून माणसं येतात, म्हणून तुमचा बाजार भरतो."

राजा परतला आणि त्याने दिवाणाला सगळं सांगितलं. दिवाणाने हिशेबाची वही पुन्हा उघडली. मग म्हणाला, "महाराज, माझा हिशेब खरा होता, पण अर्धाच होता." त्याच दिवशी राजाने गाडीचा खर्च खजिन्यावर कायमचा लावून दिला.

पहिल्या गाडीने राजाही आला. तान्हाई सकाळपासून स्टेशनात उभी होती. गोजरा उतरली, तिच्या बोटाला चार वर्षांची पोर. तान्हाईने दोन्ही हात पसरले. पोर आईच्या पदराआड गेली.

"आई, ही कोण?"

राजाने ते ऐकलं. गाडी त्याला परत आणता आली होती. ती चार वर्षं नाही.

तान्हाई हळूहळू जमिनीवर बसली, नातीच्या डोळ्यांसमोर डोळे येतील इतकी खाली. म्हणाली, "माझं नाव तान्हाई. तुझं काय गं?"

तात्पर्य: माणसांना माणसांपर्यंत नेणाऱ्या वाटेचं मोल तिच्या तिकिटांवरून ठरवू नये.