साळुंकीच्या गळ्याची काळजी

त्या रानात गाणं सगळ्यांना हवं असे, आणि गाणारीला दाणे द्यायची वेळ आली की सगळ्यांना घरची कामं आठवत.

साळुंकीच्या वाट्याला हे फार आलं होतं. घुबडाच्या लग्नात ती घसा बसेपर्यंत गायली आणि उपाशी परतली. मोराने तर 'तुझं नाव होईल' एवढ्यावरच बोळवण केली. त्या नावाचं काय करायचं, ते तिला कळलं नाही.

मग खार आली. "बाई, तुम्ही फक्त गायचं. बाकीचं मी बघते."

तेव्हापासून ज्याला गाणं हवं, त्याने खारीकडे सुपारी देऊन बोली पक्की करायची आणि दाणे आधी ठेवायचे, असं ठरलं. त्यातले थोडे खारीचे. घुबडाने टाळाटाळ केली, तेव्हा खार भर दुपारी त्याच्या ढोलीशी बसून कचाकचा साल कुरतडत राहिली. झोपेचं खोबरं झाल्यावर घुबडाने मागची बाकीसुद्धा चुकती केली. साळुंकीला खार देवासारखी वाटली, आणि खोटं कशाला बोला, त्या दिवशी ती होतीच.

पुढे माकडांना लांब गाणी नकोशी झाली, म्हणून खारीने मधली कडवी काढून टाकली. सकाळचं उगीचचं गाणंही साळुंकीने सोडलं.

अशात तिच्या धाकट्या बहिणीच्या पहिल्या पिलाचं बारसं आलं. एकीच्या पिलाचा पाळणा दुसरीने म्हणायचा, हे दोघींचं लहानपणापासून ठरलेलं. साळुंकी आदल्या दिवसापासून तोच घोळवत होती. बारशाला सगळं रान जमलं. खारही आली.

"ताई, म्हण की गं आता," बहीण म्हणाली.

साळुंकीने चोच उघडली. खार तिच्या कानाशी लागली. "बाई, समोर कोण बसलंय बघा. ह्यांनी आज फुकट ऐकलं, तर उद्या सुपारी कोण देणार?"

घुबड पुढे सरकून, पाय पसरून मजेत बसलं होतं. साळुंकीला बहिणीची माया आली आणि घुबडाचा रागही आला. दोन्हींत राग मोठा निघाला.

"घसा धरलाय गं," ती म्हणाली.

बहिणीने पिलाला पंखाखाली घेतलं. मग स्वतःच म्हणू लागली. आवाज पार बेसूर होता, कडवी मात्र सगळी होती. पिलाने सुखाने डोळे मिटले. मागून सगळं रान साथ करू लागलं, घुबडसुद्धा.

साळुंकीच्या डोळ्यांत पाणी आलं. खारीला ते दिसलं. ती काही दगड नव्हती. ती जवळ सरकली आणि साळुंकीच्या धरलेल्या गळ्याभोवती तिने आपली झुबकेदार शेपटी नीट गुंडाळली. शेपटी खरोखरच उबदार होती.