ओवाळा मला!

"उद्याच्या आरतीपर्यंत घोडा उभा राहिला पाहिजे!" रंभाजीराजे गरजले. "करणी तू केलीस, उतरवायचीही तूच!"

सगुणा गुरवीण हात जोडून उभी होती. देवीचा गाभारा झाडावा, फुलं आणून द्यावीत, एवढंच तिचं काम. पण राजांचा लाडका घोडा पाखऱ्या बसला तो उठेना, आणि मांत्रिक कालिकाबुवांनी कवड्या फेकून तिचंच नाव काढलं. बुवांना गाभाऱ्यात मिरच्यांची धुरी करायला तिनं बंदी केली होती, हे मात्र कवड्यांनी सांगितलं नाही.

"आणि घोडा उठला तर, महाराज?"

"तर तू चेटकीण हे ठरलं. गाव सोडायचं!"

"नाही उठला तर?"

"तर करणी उतरवत नाहीस म्हणून गाव सोडायचं!"

देवळाबाहेर सगुणेला ना घर, ना माणूस. ती देवीपुढे जाऊन रडली, भांडली, आणि डोळे पुसता पुसता एकाएकी खुदकन हसली.

दुसऱ्या दिवशी आरतीला दरबार लोटला. घोडा बसलेलाच! पुजाऱ्यांनी निरांजन उचललं, तोच सगुणा पुढं झाली आणि देवीशेजारी चक्क मांडी घालून बसली.

"हं, ओवाळा मला!"

"डोकं फिरलं का तुझं?" राजे ओरडले.

"महाराज, पाखऱ्याला सांभाळ म्हणून आपण रोज देवीला नारळ फोडता ना?"

"फोडतो!"

"तरी माझी करणी लागली. म्हणजे देवीपेक्षा मीच मोठी. मग आरती तिची कशाला?"

बुवा उसळले, "फसू नका महाराज! त्या वेळी देवी निद्रेत होती, म्हणून हिचं फावलं!"

"असं? अजून झोपलेलीच आहे का ती, बुवा?"

"अर्थात! नाहीतर घोडा उठला नसता?"

"मग कवड्यांतून माझं नाव कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? साक्षात देवीनं!"

"बघा महाराज!" सगुणा म्हणाली. "देवी झोपेत बरळली, आणि तुम्ही मला गावाबाहेर काढायला निघालात!"

राजांना असं हसू फुटलं की मुंडासं घसरून कानावर आलं.

"उतर बाई खाली! देवळामागची मळीची जमीन आजपासून तुला इनाम. आणि बुवा, तुम्ही तबेल्यात चला. पाखऱ्याच्या पायांना तेल चोळत बसा. तो उठेपर्यंत तुम्हीही उठायचं नाही!"