केवलनाथाची दाढ

“मग उपटली का नाही दाढ?” खेमनाथबाबांनी विचारलं.

केवलनाथ गालाला उपरणं बांधून धुनीसमोर उभा होता. तालुक्याच्या दवाखान्यातून नुकताच मठात परतला होता. तोंड धड उघडत नव्हतं.

“डॉक्टरीणबाई काढत नाही म्हणाली.”

“का?”

“दाढ चांगली आहे म्हणे. फोटो काढला, ठोकून पाहिलं. कीड नाही, पू नाही. आधी काढली तीसुद्धा चांगलीच असणार, म्हणाली.”

ती पहिली दाढ केवलनाथानं बाजारात बसणाऱ्या दातवाल्याकडून हट्टानं उपटून घेतली होती. दाढ गेली. ठणका जागच्या जागी राहिला.

“मग दुखतं काय?”

केवलनाथानं कानापुढं बोट ठेवलं. “हा सांधा. जबड्याची बिजागरी. मी झोपेत दात आवळतो, असं तिचं म्हणणं. दात दाखवायला येणाऱ्यांत असली माणसं ढिगानं असतात म्हणे. येतात दाताला शिव्या देत, आणि दुखणं निघतं बिजागरीत.”

“आज होतं का असं कोणी?”

“बाकडं भरलं होतं.”

“सांग.”

केवलनाथाच्या कपाळाला आठी पडली. माणूस दुखण्यानं बेजार झालाय आणि बाबांना बाकड्यावरच्या लोकांची पडलीय. तरी त्यानं सांगितलं.

“एक नवी सून होती. गालाला हात लावून बसलेली.”

“काय म्हणाली?”

“ती कुठं बोलते? कुठं दुखतं, कधीपासून दुखतं, सगळं सासूनंच सांगितलं.”

“आणखी?”

“एसटीचा एक कंडक्टर होता. डेपोतला साहेब चारचौघांत पाणउतारा करतो, म्हणाला. मी विचारलं, मग तू काय म्हणतोस? तर म्हणे, होय साहेब म्हणतो.”

“आणि तू?”

“मी काय?”

“तू कोणाला होय म्हणतोस?”

…

त्या मठाची रीत होती. गुरूनं सांगावं, शिष्यानं ‘आदेश’ म्हणावं. दुसरा शब्द नाही. या रीतीत केवलनाथाइतका पक्का शिष्य मठात नव्हता, आणि ते त्याला ठाऊक होतं. येत्या शिवरात्रीला त्याचे कान चिरून त्यात कुंडलं घालायची होती. कान चिरले की माणूस पुरता नाथ झाला. तोवर नुसता उमेदवार. त्या दिवसासाठी त्यानं मठात उमेदीची वर्षं घालवली होती.

दिवाळीनंतर त्याचा चुलतभाऊ आला होता. “तुझी आई अंथरुणाला खिळलीय. तुझंच नाव घेते,” म्हणाला होता.

बाबा म्हणाले होते, “जोग्याला घर नसतं. जायचं नाही.”

केवलनाथ म्हणाला होता, “आदेश.”

भाऊ पायरीला हात लावून निघून गेला. बाकीच्या साधूंनी माना डोलावल्या. शिष्य असावा तर असा, म्हणाले. केवलनाथाची छाती फुगली होती. त्याच आठवड्यात दाढ ठणकू लागली.

“बस इथं,” बाबा म्हणाले.

तो बसला. बाबांनी दोन्ही हातांची बोटं त्याच्या कानांपुढं टेकवली. राखेनं खरखरीत झालेली बोटं.

“तू तालुक्याला गेलास, मागं तुझ्या भावाचा निरोप आला. म्हातारी आहे अजून.”

बोटांखाली बिजागरी टक्कन वाजली. गालाचं मांस दगडासारखं घट्ट झालं.

“जायचं नाही,” बाबा म्हणाले. बोटं काढली नाहीत.

…

“म्हण.”

केवलनाथानं तोंड उघडलं. शब्द जिभेवर तयार होता. आजवर कधी अडला नव्हता.

“नाही म्हणत.”

धुनीभोवतीचे साधू वळले. एक जण गुरगुरला, “गुरूला उलटून बोलतोस?”

“बोलतो.” केवलनाथ उठला. गालाचं उपरणं ओढून काढलं. “बाबा, दाढेसाठी मला दोनदा वेशीबाहेर सोडलंत. आईसाठी एकदा नाही. ही कसली रीत? ती तिकडं माझं नाव घेत मरणार आणि मी इथं राख फासून शहाणा म्हणवून घेणार? तुमचं चुकलं. आणि मी मान खाली घालून होय म्हणालो, ते त्याहून चुकलं.”

दुखणं काही पळालं नव्हतं. एकेका शब्दागणिक कानात कळ जात होती. तरी तो थांबला नाही.

“शिवरात्र तोंडावर आहे,” बाबा म्हणाले. “आज उंबरा ओलांडलास, तर यंदा कान चिरायचे नाहीत.”

“नका चिरू.”

“पुढच्या वर्षीही नाही.”

“कधीच नका चिरू. बिनचिरल्या कानांनी आईचं ऐकू येईल मला.”

“मठात परत घेईन, असं समजू नकोस.”

“घ्या म्हणायला मी आलो तर ना.”

साधू चुळबुळले. बाबांनी हातानं त्यांना गप्प केलं.

केवलनाथानं खुंटीवरची झोळी काढली. तांब्या आत टाकला. बाबांच्या पाया पडायला वाकला नाही. ताठ मानेनं दाराशी गेला आणि उंबऱ्याबाहेर पाय टाकला.

“केवल्या…”

तो थांबला. वळला मात्र नाही.

बाबा गालातल्या गालात हसत धुनीतलं लाकूड पुढं सरकवत होते.

“म्हातारीला सांग, तिच्या पोराला दात आहेत.”