महाराज तांदूळ चावतात

"चाव!" महाराज उदयसेन गरजले आणि वाघोजी गुरवाच्या तोंडाशी कच्च्या तांदळाची वाटी आली.

महाराजांची सोन्याची अत्तरदाणी नाहीशी झाली होती आणि आळ आला होता वाघोजीवर. त्या राज्याची रीतच अशी! आरोपीनं बोडक्यानं गुडघ्यांवर बसायचं, हात मागं बांधलेले, मानेला पहारेकऱ्याची नंगी तलवार. मग तांदूळ चावून ताटात थुंकायचे. ओले निघाले तर निर्दोष. कोरडे निघाले तर चोर, आणि चोराला बारा वर्षं अंधारकोठडी.

वाघोजी वाड्यात सनई वाजवायचा. आईबापांनी नाव ठेवलं वाघोजी, पण घरातली मांजर फिस्कारली तरी तो पाट सोडून उठायचा. महाराज नुसते सज्जात दिसले तरी त्याची जीभ टाळ्याला चिकटायची आणि सनईतून सुराऐवजी फुस्सकन वारा यायचा. अशा माणसाचे तांदूळ ओले व्हायचे कसे? अत्तरदाणी त्यानं जन्मात पाहिली नव्हती, पण कोठडीतली बारा वर्षं त्याला आत्ताच स्पष्ट दिसायला लागली.

त्या भीतीनंच त्याची चिकटलेली जीभ सुटली. "सरकार, माझ्यावर आळ घेतला कुणी?"

"मी!" जामदार त्रिंबकराव पुढं आले. महाराजांचे कपडे-दागिने त्यांच्याच ताब्यात असत.

"मला चोरताना पाहिलंत?"

"पाहायला कशाला हवं? तुझा चेहराच चोराचा!"

"ते मात्र खरं," वाघोजी म्हणाला. "मी जन्मलो तेव्हा सुइणीनं आधी स्वतःच्या बांगड्या मोजल्या होत्या! पण जामदारसाहेब, हा चेहरा चाळीस वर्षं जुना. अत्तरदाणी हरवली काल!"

दरबार खुसखुसला. महाराज मात्र हट्टाला पेटले. "तांदूळ ठरवतील! निर्दोष माणसाचं तोंड कधी कोरडं पडत नाही!"

वाघोजीला आता गप्प बसण्याचीच जास्त भीती वाटली.

"मग सरकार, आधी एखाद्या पक्क्या निर्दोष माणसानं चावून दाखवावेत. तांदूळ खरं बोलतात एवढं तरी कळेल! आणि चोरी केली नाही अशी खात्री या दरबारात फक्त आपल्याबद्दलच देता येते. आपलीच वस्तू आपण कशाला चोराल?"

"आणा ती वाटी!" महाराजांनी हात पुढं केला.

"असे नाही सरकार. माझ्यासारखे! बोडक्यानं, हात बांधून. तलवारीसकट."

महाराज शूर होते. डोक्यावरचा मंदिल उतरवून ते थेट गुडघ्यांवर बसले आणि हात मागं बांधून घेतले. पहारेकरी भिकाजीनं घाबरत घाबरत तलवार त्यांच्या मानेला लावली. महाराज चावू लागले.

"एक सांगायचं राहिलं," वाघोजी म्हणाला. "भिकाजीला कालपासून हिवताप आहे. हात जरा थरथरतो त्याचा."

महाराजांचे डोळे गरागरा फिरले. मानेवरचं गार पातं हललं. तेवढ्यात भिकाजी फटकन शिंकला!

महाराजांनी तांदूळ थुंकले. ताटात नुसतं पीठ उडालं.

दरबारी माना उंचावून ताटात पाहू लागले.

"सरकार," वाघोजी हळूच म्हणाला, "एक तर आपली अत्तरदाणी आपणच चोरलीत. नाहीतर या तांदळांना चोर कळत नाही, भित्रा तेवढा कळतो. आणि मी भित्रा आहे हे सांगायला तांदूळ कशाला नासायचे? माझ्या बायकोला विचारा!"

महाराज गुडघ्यांवर बसल्या बसल्याच खो खो हसत सुटले.

"हात सोडा रे! आधी याचे, मग माझे! या वाटीच्या भरवशावर आम्ही सात माणसं कोठडीत घातली. आमच्याएवढा शहाणा शोधून सापडायचा नाही! त्यांना आत्ता बाहेर काढा. यापुढं जो बोट दाखवील त्यानंच पुरावा आणायचा. त्रिंबकराव, आणा पुरावा!"

त्रिंबकराव पुरावा शोधायला गेले आणि अत्तरदाणीच घेऊन आले. महाराजांच्या दसऱ्याच्या अंगरख्याच्या घडीत ती निघाली. घडी त्रिंबकरावांनीच घातली होती.

महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून वाघोजीच्या हातात घातलं. "आणखी काय हवं?"

"ती तांदळाची वाटी द्या सरकार," वाघोजी म्हणाला. "घरी जाऊन भात लावतो. सकाळपासून उपाशी आहे, आणि आत्ता कुठं तोंडाला पाणी सुटलंय!"