खिडकीखालचे ढीग

"हा उकिरडा उद्या दुपारच्या आत नाहीसा झाला पाहिजे!" दुर्जयसेन महाराजांनी नाकाला शेला लावून गर्जना केली.

उकिरडा लागला होता तो राज्याच्या मोठ्या विद्यापीठात, छात्रालयाच्या अंगणात. सरदारांची मुलं विद्या पुरी करून घरी निघाली होती. निघताना ज्याने त्याने आपली खोली आपल्याच खिडकीतून खाली रिकामी केली होती. गाद्या, रजया, समया, पितळी लोटे, चंदनाचे पाट, एकदाच नेसलेले पीतांबर! सगळ्या शास्त्रांत पारंगत झाले होते बिचारे. गादी गुंडाळण्याचं शास्त्र तेवढं शिकायचं राहिलं होतं.

छात्रालयाचा झाडूवाला येसबा हात जोडून उभा होता. शेजारी त्याची मुलगी हौसा उभी होती. ती वर बघत होती. खिडक्या-खिडक्यांतून नवे पंडित विडे चघळत तिच्या बापाची फजिती बघत होते आणि एकमेकांना कोपराने ढोसत होते. हौसाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"जाळून टाकतो, महाराज," येसबा म्हणाला.

"खबरदार! उद्या सगळे सरदार मुलांना न्यायला येताहेत. धुराने त्यांचे डोळे चुरचुरले म्हणजे?"

"मग खड्डा खणून पुरतो."

"विद्येच्या अंगणात घाण पुरणार?"

"नदीत सोडतो..."

"त्या नदीवर राणीसाहेब स्नानाला जातात!"

"मग गाड्या तरी द्या, महाराज. चार माणसं द्या."

"गाड्या मंडपाच्या कामाला लागल्यात. एकही नोकर मिळणार नाही. आणि उद्या दुपारी इथे चिंधी जरी दिसली, तरी बापलेकींनी हे गाव सोडायचं!"

येसबा महाराजांच्या पायांवर वाकला. हौसा मात्र पुढे झाली.

"साफ होईल, महाराज. मला फक्त मंडपातली निशाणं द्या."

समारंभाच्या मंडपात राजघराण्याचं आणि प्रत्येक सरदार घराण्याचं निशाण मानाने लावायची रीत होती. महाराज फिसकन हसले.

"निशाणं? त्यांनी काय केर काढणार?"

"तुम्हाला केर निघण्याशी मतलब, महाराज. केरसुणी कसली, ते माझ्यावर सोडा."

उत्तर झोंबलं; पण पोरीची फजिती बघायची मजा महाराजांना सोडवेना. "द्या हिला निशाणं!" ते म्हणाले आणि निघून गेले.

सकाळी येसबा उठून बघतो तो अंगणातलं एक भांडंही हललेलं नाही! फक्त प्रत्येक खिडकीखालच्या ढिगावर त्या त्या मुलाच्या घराण्याचं निशाण डौलात फडकत होतं.

"पोरी, हे काय करून बसलीस?" येसबाने कपाळावर हात मारून घेतला.

"धन्यांची नावं लावली, बाबा. दुसरं काय?"

तेवढ्यात पालख्या येऊ लागल्या. वाजंत्री वाजत होती, बघ्यांची ही गर्दी झाली होती. सगळ्यांत पुढे होते सरदार भुजंगराव. फाटकातून आत शिरताच त्यांना दिसलं फणा काढलेल्या नागाचं आपलं निशाण, मळक्या गाद्यांच्या उरावर रोवलेलं!

"बघा हो बघा!" गर्दीतून एक म्हातारी ओरडली. "भुजंगरावांचा नाग वारूळ सोडून गादीवर निजलाय!"

भुजंगराव पालखीतून उडी मारूनच उतरले. "कोणी लावलं हे इथे?"

"मी, सरकार," हौसा म्हणाली. "वरच्या खिडकीत आपले चिरंजीव राहतात ना? नसतील तर सांगा, आत्ता उपटते."

चिरंजीव सारंगराव दारातून लपूनछपून बघत होते. बापाने त्यांचा कान धरला. "उचल! सगळं उचल!"

"मी, आबासाहेब? नोकर..."

"नोकर सगळे मंडपात आहेत," हौसा अदबीने म्हणाली. "महाराजांचा हुकूमच आहे तसा. आणि गाद्या काही जड नाहीत, सरकार. काल किती सहज खाली आल्या!"

गर्दी खो खो हसली. न्यायशास्त्रात पहिला आलेला सारंगराव डोक्यावर गादी आणि काखेत लोटे घेऊन चालू लागला. पुढच्या पालख्यांतल्या सरदारांनी ते पाहिलं आणि आपापल्या मुलांना आधीच पिटाळलं. जे घरी न्यायचं ते डोक्यावर चढलं. जे नको होतं ते कोणाला तरी देऊन टाकायला पंडित गावात घरोघर फिरू लागले.

"मावशी, रजई घेता का? चांगली आहे."

"चांगली आहे तर फेकलीस कशाला रे?" मावशी कडाडली. "जा, उसवलंय तिथे टाके घाल, ऊन दाखव, मग बघू!"

आणि पंडित सुईदोरा मागत फिरले! धर्मशाळेला गाद्या मिळाल्या, कुंभारवाड्यात पितळी लोटे गेले, देवळात समया लागल्या.

दुपारी महाराज आले. अंगण आरशासारखं लख्ख झालं होतं. मधल्या मोठ्या खिडकीखाली मात्र सगळ्यांत मोठा ढीग तसाच होता आणि त्यावर खुद्द महाराजांचं सूर्याचं निशाण झळकत होतं. त्याच्याशेजारी याच छात्रालयात राहिलेले युवराज गाल फुगवून बसले होते. त्यांना ढिगाला हात लावा म्हणणार कोण?

महाराज लालबुंद झाले. "उतरव ते निशाण! आत्ताच्या आत्ता!"

हौसाने मुकाट्याने निशाणाच्या काठीला हात घातला आणि थांबली.

"उतरवते, महाराज. पण मग सगळे सरदार विचारतील, हा ढीग बेवारस का? राज्याला वारस आहे, मग एवढ्या ढिगालाच कसा नाही?"

महाराजांनी ढिगाकडे पाहिलं, फुगलेल्या युवराजांकडे पाहिलं. मग त्यांच्या मिशा थरथरल्या, पोट हललं, आणि ते असे हसत सुटले की मुकुट सावरायला दोन्ही हात लागले!

"ऊठ रे, वारसा!" ते युवराजांना म्हणाले. "घे डोक्यावर!"

राज्याचे भावी महाराज रजईखाली दिसेनासे झाले. महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून हौसाच्या हातात घातलं आणि छात्रालयाच्या फाटकाची किल्ली तिच्या कमरेला अडकवली. त्या दिवसापासून हौसाने खोली बघून मान हलवल्याशिवाय एकाही पंडिताला घरी जायची सोय उरली नाही.