खण ठाऊक नसला की

एका गावात एक भोळा मेहुणा होता. नाव निंगाप्पा, पण सगळे निंगूच म्हणत. त्याचे दाजी गुरुपादशेठ, काष्ठौषधींचे व्यापारी. बहिणीनं नवऱ्याच्या मागं लागून लागून निंगूला दुकानात चिकटवला होता. तिथं टिकला तर कुणीतरी मुलगी देईल, एवढीच बिचारीची आशा.

कॉम्प्युटरचे प्रोग्राम खरे आकडे न भरताच, आकड्याच्या जागी 'काहीही असू शकेल' एवढंच धरून तपासणारी हत्यारं असतात म्हणे. कॉम्प्युटरच्या स्मृतीतही माहिती ठेवायचे खण असतात; त्यातला नेमका खण कुठला, हेच कळेना झालं की ती जे जे करतात, ते ते निंगूनं या दुकानात करून दाखवलं.

झालं असं, की कपाटाला नवा रंग दिला आणि खणांवरच्या नावांच्या चिठ्ठ्या निघाल्या. तेवढ्यात हिरड्याचं पोतं आलं.

"दाजी, कुठल्या खणात टाकू?"

"आता आठवत नाही बाबा. कुठलाही असू शकेल."

कुठलाही म्हणजे सगळेच. निंगूनं खणाखणात ओंजळभर हिरडा टाकला. शेठ दिवसभर निवडत बसले.

"शहाण्या, खण ठाऊक नसला तर अंदाजानं एकच धरावा."

"बरं दाजी."

मग ओवा आला, सुंठ आली, वेखंड आलं. निंगूनं एकच खण धरला, कोपऱ्यातला. मावेना तेव्हा पायानं दाबलं.

शेठनी कपाळाला हात लावला. "आता तू माल ठेवूच नकोस, नुसता देत जा. आणि हे बघ, मघाशी मी शतावरी एका खणात टाकलीय, कुठल्या ते विसरलो. तेवढं ध्यानात ठेव."

"बरं दाजी."

शेठ जेवायला गेले. ज्येष्ठमध न्यायला देसाईबाई आल्या. निंगूनं एका खणावर हात ठेवला.

"बाई, दाजींनी शतावरी यात टाकली असेल तर ही शतावरी. नसेल टाकली तर हे ज्येष्ठमध."

"अरे, उघडून बघ की."

"बघायचं कुठं सांगितलंय? ध्यानात ठेवायचं सांगितलंय."

बाई तरातरा समोरच्या दुकानात गेल्या.

"गिऱ्हाइकाला असं लटकत ठेवतात होय रे?" जेवून आलेले शेठ सगळं ऐकून म्हणाले. "दोन शक्यता असल्या तर दोन्ही धरून पुढं जायचं. जी अडेल ती सोडून द्यायची."

"बरं दाजी."

आणि नशीब बघा, निंगूला दोन स्थळं सांगून आली. एक वरच्या आळीतलं, एक नदीपलीकडचं. बहिणीला आकाश ठेंगणं झालं. "निंगू, दोन्ही पोरी गुणाच्या आहेत. आम्ही बाहेरगावाहून माल भरून पंधरवड्यानं येतो, तोवर तू काय ते ठरव."

निंगूनं ठरवलं.

शेठ आणि बायको परतले तर अंगणात दोन मांडव. दोन वाजंत्री एकमेकांवर वाजवतायत. दोन नवऱ्या बोहल्यावर, आणि मधोमध निंगू, कपाळाला मुंडावळ्यांचे दोन जोड. मुहूर्तही एकच.

बहीण पायरीवरच बसली. तिकडं दोन्ही व्याह्यांच्या ध्यानात सगळा प्रकार आला. दोघंही बाह्या सरसावून, हातात मांडवाचे वासे घेऊन निघाले.

"निंगू, मुडद्या, आता एकीला तरी नाही म्हण," बहीण ओरडली.

"थांब गं अक्का. दाजींनी सांगितलंय, जी अडेल ती सोडायची," निंगू शांतपणे म्हणाला. "अजून एकही अडलेली नाही. दोन्ही सासरे माझ्याकडंच येतायत."