येसूचं खिंडार

फार वर्षांपूर्वी, उंबरदरीला सडक नव्हती तेव्हा, वरच्या माळावर येसू नावाची कुंपणं लावणारी बाई राहायची. तिला मागं ना पुढं कुणी. कुणाचंही कुंपण असो, ती आधी दिवसभर तिथं नुसती बसायची आणि मगच झुडूप ठरवायची. वाऱ्याच्या अंगाला निगडी, शेळ्यांच्या वाटेला अडुळसा, दारापाशी मेंदी. तिनं हात लावला की कुदळीच्या दांड्यालासुद्धा पालवी फुटायची, असं म्हणतात.

स्वतःच्या खोपटाला मात्र तिनं कुंपण घातलं नाही. "अडवू कुणाला? येतंय कोण?" म्हणायची.

येणारी एकच होती. उताराखालच्या घरातली बयाक्का. डोळे गेलेली म्हातारी, पण रोज दुपारी काठी टेकत वर यायची. येसू दोन पाट मांडून ठेवायची, आणि दोघी उन्हं कलेपर्यंत साऱ्या गावाची उणीदुणी काढायच्या.

एके वर्षी बयाक्काचा लेक म्हादबा आला. म्हणाला, "मावशे, डुकरांनी भुईमूग ठिवला न्हाई. मुंगी शिरू नये असं कुंपण घाल."

येसूनं माती पाहिली, वारा पाहिला, डुकरांचा माग पाहिला आणि काटेरी चिलार लावली. काठीचा माग तेवढा पाहायचा राहिला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

चिलार दाटली आणि बयाक्का यायची थांबली. येसू पाट मांडून वाट बघायची. मग रुसली. जिला यायचं ती येईल, मी का जाऊ?

शेवटी एक दिवस म्हादबाची बायको लांबच्या वाटेनं वर आली. "आत्याबाई गेल्या," म्हणाली. "रोज कुंपणापाशी जाऊन बसायच्या. म्हणायच्या, येसूनंच काटं लावलं, तिला मी नकोशी झाले असंन."

येसू तशीच उठली. तिनं नुसत्या हातांनी चिलार उपटली आणि त्या खिंडारात बसून राहिली. त्यानंतर ती कुणाला दिसली नाही. तिथं पुन्हा काटा उगवला नाही, आणि उघडं असूनही डुक्कर कधी आत शिरलं नाही, असं म्हणतात.

उंबरदरीत अजूनही कुंपण लावण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारतात, "आक्का, तुझी वाट कुठनं?" तेवढी जागा मोकळी सोडतात, आणि तिथं दोन सपाट दगड मांडतात. एकावर कुणी एकटं बसलेलं दिसलं, तर जाणारा माणूस दुसऱ्यावर घटकाभर टेकल्याशिवाय पुढं जात नाही.